क्यूपाथ: टिश्यूतल्या सात रंगांच्या पेशी मोजायचं फुकट सॉफ्टवेअर (वर्षभर वापरून लिहितेय)

वर्ष झालं मी क्यूपाथ वापरतेय, रोज नाही पण आठवड्यातले तीन-चार दिवस तरी, आणि यावर नीट लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत समजावून सांगणारं मला काहीच मिळालं नाही आणि आपल्याकडे पॅथॉलॉजी, ओरल पॅथॉलॉजी, बायोटेक करणारी कितीतरी मुलं आहेत ज्यांच्याकडे इमेज असतात पण त्या मोजायच्या कशा हेच कळत नाही.

आधी माझं काम सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी तोंडाच्या कॅन्सरवर काम करते. गुटखा, मावा, तंबाखू, मिश्री, आपल्याकडचा रोजचा विषय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी आमच्याकडे गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत गाठ घेऊन येणारे पेशंट काही थांबलेले नाहीत. मला बघायचं होतं की ट्यूमरच्या आजूबाजूला ज्या रोगप्रतिकारक पेशी जमतात त्यातल्या मारक टी पेशी, म्हणजे सीडी८ वाल्या, ट्यूमरच्या बेटांमध्ये शिरतायत का नुसत्याच कडेला उभ्या आहेत. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या एच अँड ई स्लाईडवर लिम्फोसाइट दिसतो पण तो कुठला हे नाही कळत. तपकिरी रंगाचं आयएचसी (अँटीबॉडी लावून एखादं प्रथिन रंगवणं) केलं तर सहसा एका स्लाईडवर एकच मार्कर (पेशी ओळखायची खूण असलेलं प्रथिन), दुसरा मार्कर पुढच्या सेक्शनवर, म्हणजे टिश्यूच्या पुढच्या पातळ कापावर, आणि पुढचा सेक्शन म्हणजे ४ मायक्रॉन पुढे गेलेला, लिम्फोसाइट असतो जेमतेम ७-१० मायक्रॉनचा, मग या स्लाईडवरची पेशी आणि त्या स्लाईडवरची पेशी एकच आहे हे कशाच्या जोरावर म्हणायचं? म्हणून मल्टिप्लेक्स. एकाच सेक्शनवर सगळे मार्कर, प्रत्येकाला वेगळा चमकणारा रंग.

आम्ही जी पद्धत वापरतो ती टायरामाइडवाली. अँटीबॉडीवर एचआरपी एन्झाइम असतं, ते टायरामाइड जोडलेल्या रंगाला इतकं उतावीळ करतं की तो तिथल्या तिथे प्रथिनातल्या टायरोसिनला कायमचा चिकटतो. मग स्लाईड मायक्रोवेव्हमध्ये गरम करून अँटीबॉडी काढून टाकायची, रंग मात्र तिथंच राहतो, आणि पुढच्या मार्करची फेरी सुरू. अशा सहा फेऱ्या, शेवटी न्यूक्लियससाठी डॅपी नावाचा रंग, झाले सात रंग. हाताने केलं तर आमचे तीन दिवस जातात. आमचे सहा म्हणजे पॅन-सायटोकेरॅटिन (ट्यूमर), सीडी३ (सगळ्या टी पेशी), सीडी८ (मारक टी पेशी), फॉक्सपी३ (प्रतिकार आवरणाऱ्या टी पेशी), सीडी६८ (मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि पीडी-एल१ (टी पेशींना ब्रेक लावणारं प्रथिन). याहून पुढच्या पद्धती आहेत, स्टॅनफर्डच्या नोलन लॅबमधून आलेलं कोडेक्स ज्यात अँटीबॉडीला डीएनएचा बारकोड लावतात, हार्वर्डच्या सॉर्गर लॅबचं सायसिफ ज्यात दर फेरीला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उजेडाने रंग मालवून पुन्हा नव्याने स्टेन करतात, त्यात चाळीस-पन्नास मार्करपर्यंत लोक जातात. आमची मजल सातपर्यंत, पण क्यूपाथबद्दल जे लिहितेय ते त्यांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

आता या सॉफ्टवेअरकडे वळले कशी ते. पहिल्या बॅचचं ॲनालिसिस आम्ही बाहेर एका कंपनीला दिलं होतं, नाव घेत नाही. पैसे बरेच गेले आणि हातात आली एक एक्सेल शीट. केस नंबर, सीडी८ टक्के, फॉक्सपी३ टक्के, संपलं. त्यात एका केसमध्ये सीडी८ सगळ्यात जास्त, आणि ती केस मला चांगली आठवत होती कारण तिच्यात नेक्रोसिसचा मोठा पट्टा होता आणि मेलेलं टिश्यू प्रत्येक चॅनेलमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या इमेजमध्ये, उगाचच चमकतं. मी विचारलं की कुठल्या पेशी सीडी८ म्हणून धरल्यात ते इमेजवर दाखवा, तर उत्तर आलं की अल्गोरिदम आमचा आहे, तो शेअर करता येत नाही. मी अल्गोरिदम मागितलाच नव्हता हो, पेशी दाखवा म्हणत होते. तो आकडा मी कुठंच वापरू शकले नाही. पेशंटने तोंडाचा तुकडा दिलाय, त्यातून निघालेला आकडा मला डोळ्याने तपासता आला पाहिजे एवढीच माझी अट होती आणि आजही तीच आहे.

क्यूपाथ ही अट पूर्ण करतं. या रिव्ह्यूत मला मुख्य सांगायचंय ते हेच, बाकी सगळे फायदे-तोटे नंतर. यात मोजलेली प्रत्येक पेशी इमेजवर बाह्यरेषेसकट दिसते, तिच्यावर क्लिक केलं की तिची सगळी मापं समोर येतात, प्रत्येक चॅनेलची सरासरी, न्यूक्लियसमधली वेगळी, सायटोप्लाझममधली वेगळी, आणि ती पॉझिटिव्ह का ठरली ते तुम्हाला तिथंच कळतं.

हे बनवलं पीट बँकहेड यांनी, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत असताना, पेपर २०१७ ला सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आला, आता काम एडिनबर्ग युनिव्हर्सिटीतून चालतं. ओपन सोर्स आहे, जीपीएल लायसन्स, एक रुपया लागत नाही, ना रजिस्ट्रेशन ना डोंगल. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, जावा वेगळं टाकायची गरज नाही, आतच येतं.

सुरुवातीला प्रोजेक्ट बनवायचा, म्हणजे एक रिकामा फोल्डर, आणि त्यात इमेज ओढून टाकायच्या. मूळ इमेजला ते हात लावत नाही, फक्त ती कुठे ठेवलीय तो पत्ता लक्षात ठेवतं. त्यामुळे एक्स्टर्नल हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टला लावून ड्राइव्हचं अक्षर बदललं की इमेज सापडत नाही म्हणतं, घाबरू नका, नवा पत्ता दाखवायची खिडकी स्वतःहून उघडते. इमेज टाइप फ्लुओरेसन्स निवडायला विसरू नका. मग चॅनेलची नावं नीट द्या, कारण पुढे हीच नावं क्लास, म्हणजे पेशींचे गट, म्हणून वापरायची असतात आणि तिथं 'चॅनेल ४' असं राहिलं तर दोन आठवड्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत चॅनेल एकेक करून चालू-बंद करता येतात, आणि इथं एक गोष्ट सगळ्या नवीन लोकांनी डोक्यात पक्की बसवा, तिथलं तेज कमी-जास्त केल्याने फक्त दिसणं बदलतं, मोजमाप बदलत नाही. आमच्या रेसिडेंटने एकदा सीडी६८ चं तेज वाढवून आणलं आणि म्हणाली मॅडम आता मॅक्रोफेज वाढले. नाही वाढत. तिला समजवायला मी दोन्ही सेटिंगला एकाच पेशीची मापं काढून दाखवली, आकडे तेच, तेव्हा पटलं.

पुढची पायरी सेल डिटेक्शन. डॅपीच्या चॅनेलवरून न्यूक्लियस शोधतं आणि मग प्रत्येक न्यूक्लियसभोवती ठराविक अंतर फुगवून पेशीची हद्द ठरवतं. डिफॉल्ट थ्रेशोल्ड (याहून उजळ तेच न्यूक्लियस धरायचं ती पातळी) १०० आहे, तो आमच्या इमेजला अजिबात चालला नाही कारण आमच्या इमेज रंग वेगळे करून, म्हणजे अनमिक्स होऊन आलेल्या आणि त्यातले आकडे मुळातच लहान. पहिल्यांदा रन केलं तर शून्य पेशी. अर्धा दिवस गेला, मग कळलं की माऊस इमेजवर फिरवला की खाली कोपऱ्यात त्या पिक्सेलची व्हॅल्यू दिसते, ती बघून थ्रेशोल्ड ठरवायचा असतो. गर्दीच्या जागी, म्हणजे लिम्फोसाइटचे थवे जिथे असतात तिथे, साधं डिटेक्शन दोन-तीन न्यूक्लियस एकत्र धरतं. त्यासाठी स्टारडिस्ट या न्यूक्लियस वेगळे करणाऱ्या एआय मॉडेलचं एक्स्टेन्शन आहे, एडिनबर्गच्याच लोकांचं इन्स्टानसेग आहे, मला इन्स्टानसेग जास्त आवडलं, पण साध्या लॅपटॉपवर दोन्ही हळूहळू चालतात हे धरून चला.

आता त्या हद्दीबद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त शिक्षण इथंच झालं. डिफॉल्टला न्यूक्लियसपासून ५ मायक्रॉन बाहेर जातं. मी तसंच ठेवलं, सगळे मार्कर लावले, आणि एका केसमध्ये केरॅटिन पॉझिटिव्ह आणि सीडी८ पॉझिटिव्ह अशा हजारावर पेशी निघाल्या. आता केरॅटिन एपिथेलियमचं, म्हणजे अस्तराच्या पेशींचं, सीडी८ टी पेशीचं, दोन्ही असलेली पेशी असायला नको. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं तीन दिवसांचं स्टेनिंग गेलं, कुठल्या तरी फेरीत अँटीबॉडी नीट निघालीच नाही बहुतेक. मग बाकीचे क्लास लपवून फक्त त्या पेशी दाखवल्या आणि झूम करत गेले. तर काय, टी पेशी ट्यूमर पेशींच्या मधे अगदी चेंगरून बसलेल्या, एस्टीच्या तिसऱ्या सीटवर बसल्यासारख्या, आणि त्यांच्या न्यूक्लियसपासून ५ मायक्रॉन मोजलं की शेजारणीचं केरॅटिन यांच्या खात्यात जमा होत होतं. स्टेनिंगचा काही दोष नव्हता. फुगवणं २ मायक्रॉनवर आणलं आणि अशा पेशी खूपच कमी झाल्या. तरी काही राहिल्याच, कारण ४ मायक्रॉनच्या जाडीतही एका पेशीवर दुसरीचा तुकडा येतो, त्या मी वेगळा क्लास करून बाजूला ठेवल्या आणि किती होत्या ते लिहून ठेवलं. तेव्हापासून माझा नियमच झालाय, कुठलीही केस रन झाली की आधी अशक्य जोड्या बघायच्या, केरॅटिन-सीडी३, सीडी३-सीडी६८, त्यांचा आकडा मोठा आला तर बाकीच्या आकड्यांकडे बघायचंच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या पेशींबद्दल माझा सगळा प्रश्न होता, ट्यूमरच्या आत शिरलेल्या टी पेशी, त्याच या गडबडीत सगळ्यात आधी सापडतात. त्या एक्सेल शीटमध्ये त्यांचं काय केलं होतं कुणास ठाऊक.

मार्कर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवायला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एका मापावर रेघ मारायची, या आकड्याच्या वर पॉझिटिव्ह. स्लायडर सरकवला की इमेजवर पेशींचा रंग लगेच बदलताना दिसतो, हे फार सुंदर केलंय. दुसरा म्हणजे काही पेशींवर तुम्ही टिंब देऊन शिकवायचं आणि मग मशीन लर्निंग बाकीच्या ओळखतं. सीडी३, सीडी८ ला मला रेघ पुरते, सीडी६८ ला मात्र शिकवावंच लागलं कारण मॅक्रोफेज वेडावाकडा पसरलेला असतो, त्याचं न्यूक्लियस एकीकडे आणि रंग दुसरीकडे. कुठलं माप घेताय हे पण बघा. फॉक्सपी३ न्यूक्लियसमध्ये असतं, मी आधी पूर्ण पेशीची सरासरी घेतली होती तर सिग्नल पातळ होऊन निम्म्या पेशी रेघेखाली गेल्या, न्यूक्लियसची सरासरी घेतली तेव्हा स्वच्छ वेगळ्या झाल्या. मग सगळे क्लासिफायर एकत्र जोडायचे, की प्रत्येक पेशीला 'सीडी३, सीडी८' किंवा 'सीडी३, फॉक्सपी३' असं जोडनाव मिळतं.

रेघ कुठे मारायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही आणि सांगूही नये असं माझं मत आहे. त्यासाठी कंट्रोल लागतात, टॉन्सिलची स्लाईड, प्रायमरी अँटीबॉडी न टाकलेली स्लाईड, आणि काहीच स्टेन न केलेली स्लाईड. ही शेवटची आपल्या केसेसमध्ये फारच गरजेची, कारण सुपारी खाणाऱ्या अनेकांना सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर कडक होणं) असतो, तोंडात कोलॅजन साठलेलं असतं, आणि कोलॅजन स्वतःच चमकतं. केरॅटिनचे मोती चमकतात, लाल पेशी चमकतात. आमच्या लॅबचे टेक्निशियन काका, तीस वर्षं सेक्शन कापतायत, त्यांना मी एकदा कौतुकाने स्क्रीनवर टी पेशींची रांग दाखवली. ते वाकून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, या एका ओळीत कशा उभ्या राहतील, ही रक्तवाहिनी आहे, आतल्या आरबीसी आहेत." सगळे चॅनेल चालू करून बघितलं तर खरंच, प्रत्येक रंगात त्या सारख्याच उजळ. मी म्हटलं काका, तुम्ही रोज अर्धा तास माझ्याशेजारी बसा. तेव्हापासून बसतात, आणि जिथं नेक्रोसिस, रक्त, घडी पडलेलं टिश्यू असेल तिथं आम्ही दोघं मिळून आधीच रेघ ओढून तो भाग वगळतो.

अंतर मोजायची सोय मला सगळ्यात उपयोगी पडली. ट्यूमरची हद्द आखली की प्रत्येक पेशीचं त्या हद्दीपासूनचं अंतर मिळतं, आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. म्हणजे माझा मूळ प्रश्न थेट, शिरल्यात की कडेला आहेत. सीडी८ पासून सगळ्यात जवळची फॉक्सपी३ वाली पेशी किती मायक्रॉनवर, हेही दोन क्लिकमध्ये.

आणि स्क्रिप्ट. मला कोडिंग येत नव्हतं, आजही फारसं येत नाही. पण तुम्ही जे जे करता ते वर्कफ्लोच्या टॅबमध्ये नोंदलं जातं, बटण दाबलं की त्याची स्क्रिप्ट होते, ती पूर्ण प्रोजेक्टवर चालवता येते. संध्याकाळी लावून घरी जायचं, सकाळी सगळ्या केसेस एकाच मापाने मोजून तयार. सहा महिन्यांनी गाईडने विचारलं की तेव्हा थ्रेशोल्ड किती ठेवला होता, तर उत्तर स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं.

कमी पडतं तिथंही सांगते. मिसळलेले रंग वेगळे करणं, म्हणजे स्पेक्ट्रल अनमिक्सिंग, हे याचं काम नाही, ते स्कॅनरसोबतच्या सॉफ्टवेअरमध्येच करून आणा, नाहीतर शेजारच्या रंगाची गळती तुम्ही खरा सिग्नल म्हणून मोजाल. सायसिफसारख्या फेऱ्यांच्या इमेज एकमेकांवर बसवायला ॲशलार किंवा वालिस अशी वेगळी साधनं आहेत, ते आधी करून मग इथे या. फाईल शक्यतो पिरॅमिडवाली ओएमई-टिफ (एकच इमेज लहान-मोठ्या आकारांत साठवणारी) असू दे, साधी टिफ ६-७ जीबीची असली तर उघडताना मशीन रडतं. १६ जीबी रॅमवर माझं चालतं पण लाखभर पेशी झाल्या की पेशींचे क्लास बदलताना थांबावं लागतं, जमत असेल तर ३२ घ्या. मधेमधे सेव्ह करत जा, कंट्रोल-एसची सवय लावून घ्या. चाळीस मार्करचं क्लस्टरिंग (सारख्या पेशींचे गट आपोआप पाडणं) वगैरे करायचं तर टेबल बाहेर काढून आर किंवा पायथॉन या प्रोग्रामिंग भाषांमध्येच जावं लागतं. आणि मेनू खूप आहेत, पहिले दोन आठवडे हरवल्यासारखं होतं. शिवाय हे फक्त रिसर्चसाठी आहे, पेशंटच्या रिपोर्टमध्ये यातला आकडा टाकायचा नाही, हे बनवणारेही स्पष्ट सांगतात.

शिकायला त्यांच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मल्टिप्लेक्सचा पूर्ण धडा आहे, सोबत फुफ्फुसाच्या कॅन्सरची सात रंगांची छोटी इमेज फुकट मिळते. तुमच्या इमेज यायच्या असतील तोवर त्यावर हात बसवा, एक दुपार पुरते. इंग्रजी सोपं आहे. अडलात तर युजर्सच्या फोरमवर विचारा, मी भीतभीत पहिला प्रश्न टाकला होता, स्क्रीनशॉट आणि व्हर्जन नंबर दिला की लोक खरंच मदत करतात.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो मेनूंच्या जंगलासाठी. छोट्या कॉलेजात असाल, ग्रँट नसेल, इमेज कुणाकडून तरी स्कॅन करून आणल्या असतील तर बेलाशक घ्या. जुन्या बॅचमधली ती नेक्रोसिसवाली केस मी यात परत मोजली. मेलेला पट्टा वगळल्यावर सीडी८ मध्ये ती पहिल्यावरून बरीच खाली गेली, आणि ज्या पेशी होत्या त्यातल्या बहुतेक ट्यूमरच्या बाहेर, कडेला. आता १४ केसेस राहिल्यात, काकांनी ब्लॉक काढून ठेवलेत, सोमवारपासून सेक्शन कापायला बसतोय.